गुळाचा खरा रंग कोणता?

बिद्री म्हटले की दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना आठवतो. पण याच ऊसपट्ट्यातला दुसरा माल म्हणजे गूळ. गुळाचा भाव ठरताना रंग पाहिला जातो. पिवळाधमक रवा तांबूस रव्यापेक्षा महाग. (खाणाऱ्याचे मत कधीकधी उलटे असते, ते सोडा.) मग छायाचित्र पाठवून गूळ दाखवायचा झाला तर? एका रव्याचे छायाचित्र आम्ही ‘रॉ’ म्हणजे कच्च्या स्वरूपात घेतले आणि तीच फाइल संगणकावर दोन प्रोग्रॅममध्ये उघडली. एकात गूळ पिवळा दिसला, दुसऱ्यात तांबूस!

कच्ची फाइल म्हणजे तयार चित्र नव्हे. कॅमेऱ्यातील प्रत्येक सूक्ष्म घर फक्त प्रकाश मोजते. त्यावर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते. दर चार घरांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला १९७६ साली पेटंट मिळाले. म्हणजे फाइलमध्ये दर घरामागे एकच आकडा असतो. १४ बिटांच्या फाइलमध्ये तो ० ते १६,३८३ यांमधला. उरलेले दोन रंग प्रोग्रॅम शेजारच्या घरांवरून अंदाजाने भरतो.

त्यानंतर पांढरा कागद पांढरा दिसावा म्हणून लाल आणि निळ्याचे आकडे ठरावीक पटीने वाढवले जातात. ही पट दोन्ही प्रोग्रॅममध्ये सारखी ठेवली तरी फरक उरतोच. कारण कॅमेऱ्याच्या गाळण्या आपल्या डोळ्यासारख्या नाहीत. कॅमेऱ्याचे आकडे डोळ्याच्या रंगांत बदलायला प्रोग्रॅम एक कोष्टक वापरतो. सगळे रंग एकाच कोष्टकाने तंतोतंत जुळत नाहीत. कुठली चूक कुठे चालवून घ्यायची, हे कोष्टक करणाऱ्याने ठरवलेले असते.

गुळाच्या बाबतीत खरी मेख पुढच्या पायरीत असते. समजा, एका ठिकाणी लाल ८० आणि हिरवा ४० आहे, कमाल १००. चित्र उजळायचे आहे. प्रत्येक रंग वेगळा उजळला, तर लाल कमाल मर्यादेजवळ असल्याने फारसा वाढत नाही. तो ९५ होतो, तर हिरवा ६० पर्यंत जातो. दुपटीचे प्रमाण दीडपटीच्या आसपास आले. लालात हिरवा प्रकाश वाढला की पिवळेपणा येतो. तांबूस गूळ आपोआप पिवळा झाला! प्रमाण कायम राखणारा प्रोग्रॅम हिरवा ४७.५ वर ठेवतो आणि गूळ तांबूसच राहतो. रव्याचा उन्हातला भाग सावलीतल्या भागापेक्षा जास्त फसवा का, हेही यावरून कळेल.

शाळेत संगणक असेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी हे मोफत प्रोग्रॅम घेऊन विद्यार्थ्यांना हे पाहता येईल. एकाच प्रकाशात दोन रवे शेजारी ठेवा, जवळ पांढरा कागद ठेवा, आणि दोन्ही एकाच चित्रात घ्या. प्रोग्रॅम बदलला की दोन्हींचे रंग बदलतील. पण कोणता रवा अधिक पिवळा, हा क्रम बहुधा टिकेल. उजळपणा कमी-जास्त करून तो कुठे मोडतो, हे शोधायला सांगा.