उकळण्यात उडून जाणारी खूण

१९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. सोबत मेलेली कालवड, बुरसलेलं गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त. ते रक्त गोठतच नव्हतं.

गवतातला दोषी पदार्थ, डायकुमारॉल, लिंक यांच्या प्रयोगशाळेत १९३९ मध्ये वेगळा झाला. तोवर कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांना कोंबडीच्या पिल्लांच्या रक्तस्रावातून ‘के’ जीवनसत्त्वाचा माग लागला होता. एक रक्त गोठायला मदत करणारं, दुसरा त्यात खोडा घालणारा. पण दोघांचं काम चालतं कुठे?

कोडं अवघड होतं. डायकुमारॉल दिलेल्या गाईंच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हे रक्त गोठण्यासाठी लागणारं प्रथिन असायचं. फक्त ते कॅल्शियमला धरत नसे. निरोगी प्रथिनाशी त्याची अमिनो आम्लं ताडून पाहिली, तरी फरक दिसेना. कारण तपासणीसाठी प्रथिन तीव्र आम्लात तापवत, आणि जी खूण शोधायची तीच त्यात कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाई! १९७४ मध्ये स्वीडनच्या योहान स्टेनफ्लो यांनी आणि अमेरिकेत गॅरी नेल्सेस्टुएन यांनी स्वतंत्रपणे ती शाबूत पकडली. संशोधनाच्या इतिहासातली ही फार देखणी उकल आहे.

ही खूण उमटते यकृताच्या पेशींत. नव्या प्रथिनाच्या टोकाशी असलेला एक तुकडा कार्बॉक्सिलेज या एन्झाइमला धरून ठेवतो. मग एन्झाइम ठरावीक ग्लुटामिक आम्लांवर एकेक कार्बन डायऑक्साइड चढवतं. प्रोथ्रॉम्बिनमध्ये अशा जागा दहा. तिथे आता शेजारी-शेजारी दोन ऋणभारित गट असतात. ते कॅल्शियमला पकडतात आणि त्याच्या आधाराने प्रथिन जखमेजवळच्या बिंबिकांच्या पृष्ठभागावर बसतं. रक्त गोठवणारे सातवा, नववा आणि दहावा हे घटकही असेच तयार होतात.

या कामात ‘के’ जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण होतं. दुसरं एन्झाइम त्याला पुन्हा कामाजोगं करतं; वॉरफरिन आणि आपल्याकडच्या रुग्णांना परिचित असलेलं असेनोकुमारॉल ही रक्त गोठणं रोखणारी औषधं अडवतात ते यालाच. आधी बनलेली प्रथिनं रक्तात असतात, त्यामुळे गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. पालेभाज्यांतून ‘के’ जीवनसत्त्व मिळतं, म्हणून ही गोळी घेणाऱ्या रुग्णाने पालक-मेथीचं प्रमाण एकदम वाढवू किंवा तोडू नये, हे डॉक्टर बजावतात. नवजात बाळाकडे हे जीवनसत्त्व मुळात तुटपुंजं, आईच्या दुधातही कमी. त्यासाठी जन्मताच इंजेक्शन देतात.

समुद्रातल्या कोनस गोगलगायींच्या विषातही अशीच अमिनो आम्लं आढळतात. तिथे रक्त गोठवायचं नसतं, भक्ष्याच्या मज्जासंस्थेवर हल्ला करायचा असतो.