खुब्यातला जुना कृत्रिम सांधा काढताना

खुब्यात बसवलेला कृत्रिम सांधा सैल झाला, झिजला, वारंवार निखळू लागला, मोडला किंवा त्यात जंतुसंसर्ग झाला, की तो काढावा लागतो. सैल झालेला सांधा निघतो तरी. अवघड असतो तो पक्का बसलेला. संसर्गात मात्र मांडीच्या हाडात बसवलेला आणि त्याच्याशी एकजीव झालेला सांध्याचा दांडाही सहसा काढावाच लागतो, कारण जंतू धातूवर चिवट थर धरून राहतात आणि त्या थरावर प्रतिजैविकांची मात्रा फारशी चालत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवलेल्या ‘एएसआर’ या धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांनी शल्यविशारदांपुढे आणखी एक पेच टाकला: सांधा घट्ट, पण धातूच्या कणांमुळे भोवतालच्या ऊती खराब झालेल्या.

जुन्या सांध्याची बनावट आधी कळली, तर त्याला जुळणारी हत्यारे मागवून ठेवता येतात. डिस्चार्ज कार्डासोबत मिळणारा इम्प्लांटचा स्टिकर आपल्याकडे बहुधा फायलीत हरवतो. वीस वर्षांनी त्याची किंमत कळते.

दांडा बाहेर ओढणारा उलटा हातोडा चालवण्यापूर्वी त्याच्या खांद्यावर वाढलेले हाड साफ करतात. ते राहिले, तर बाहेर येणारा दांडा मोठा ट्रोकँटर, म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा, मोडून आणतो. सिमेंटमध्ये बसवलेला गुळगुळीत, निमुळता दांडा पुष्कळदा सहज निघतो. खरा वेळ खाते ते मागे उरलेले सिमेंट. छिन्नीने त्याला उभ्या चिरा पाडून वरून खाली तुकडे काढतात, किंवा अल्ट्रासॉनिक हत्याराने मऊ करतात. छिन्नीची दिशा चुकली, तर मांडीच्या हाडाला भोक पडते. संसर्ग नसेल आणि सिमेंट घट्ट असेल, तर ते तसेच ठेवून त्यातच नवा दांडा बसवणे शहाणपणाचे.

सिमेंटविना बसवलेल्या दांड्याभोवती पातळ, लवचीक छिन्न्या आणि ‘बर’ हे फिरते कोरणे चालवतात. तरीही तो हलला नाही, तर ठोकत बसण्यापेक्षा हाड बेताने उघडलेले बरे. मांडीच्या हाडाचा बाहेरचा सुमारे एक तृतीयांश भाग, बहुधा १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचा, स्नायूंसकट दारासारखा उघडतात आणि शेवटी तारांनी बांधतात. स्नायू चिकटलेले राहिल्याने त्या तुकड्याचा रक्तपुरवठा टिकतो. दांडा खोलवर चिकटला असेल, तर तो मध्येच कापून खालचा भाग ट्रेफाइन या पोकळ, गोल करवतीने मोकळा करतात; त्या वेळी सतत पाणी सोडले नाही, तर हाड उष्णतेने जळते.

सांध्याचा दुसरा भाग म्हणजे श्रोणीत बसवलेली वाटी. तिचे अस्तर आणि स्क्रू आधी निघतात. मग वाटीच्या बाह्य व्यासाला जुळणारे वक्र पाते तिच्या केंद्राभोवती फिरवून हाड आणि धातू वेगळे करतात. घट्ट वाटी पहारीने उचकटल्यास श्रोणीचे हाडच तुटू शकते. वाटी श्रोणीच्या आत सरकली असेल, तर तिच्यामागे मोठ्या रक्तवाहिन्या असतात. अशा वेळी सीटी अँजिओग्राफीने त्यांची जागा पाहून ठेवतात आणि रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद सोबत घेतात. गरज पडल्यास पोटाच्या बाजूने वेगळा छेद घेऊन रक्तवाहिन्या आधी मोकळ्या करतात, मगच वाटीला हात लावतात.