नोकरी करणाऱ्या एकल पालकाला सरकारी मदत मिळते का?

पती वा पत्नीच्या निधनानंतर, घटस्फोटानंतर किंवा जोडीदार घर सोडून निघून गेल्यानंतर मुलांची जबाबदारी एकट्याने पेलणाऱ्या आणि त्यासाठी नोकरी करणाऱ्या पालकांमध्ये एक समजूत सर्रास आढळते. आपल्याला पगार आहे, म्हणजे सरकारी मदत आपल्यासाठी नाही, ती निराधारांसाठी. ही समजूत अर्धीच खरी आहे. 'अर्जदार नोकरी करीत नसावा' अशी सरसकट अट या योजनांमध्ये नाही. अट आहे ती उत्पन्नाची, आणि प्रत्येक योजनेची उत्पन्नाची पट्टी निराळी आहे. त्यामुळे एकाच पगारावर एखादी महिला एका योजनेत अपात्र आणि दुसऱ्या योजनेत पात्र ठरू शकते. दुर्दैवाने पहिल्या ठिकाणी नकार मिळाला की बहुतेकजण दुसरे दार ठोठावतच नाहीत.

वर्षाचे २१ हजार

एकट्या महिलेला पहिल्यांदा सुचविली जाते ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. राज्यात १९८० पासून सुरू असलेल्या या योजनेत विधवा, परित्यक्ता, घटस्फोटाची प्रक्रिया सुरू असलेल्या तसेच घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या महिलांचा समावेश आहे. वय ६५ वर्षांपेक्षा कमी आणि महाराष्ट्रातील वास्तव्य किमान १५ वर्षांचे असावे लागते. २०२३ मध्ये अनुदान वाढवून दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. उत्पन्नाची मर्यादा मात्र कुटुंबासाठी वर्षाला २१ हजार रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आहे.

हा आकडा वाचून शहरातील वाचकाला छापताना शून्य गळले की काय, अशी शंका येईल. तसे नाही. चार घरची धुणीभांडी करणारी महिलाही प्रामाणिकपणे उत्पन्न सांगितले तर या मर्यादेत बसत नाही. योगायोग असा की, राज्य कामगार विमा योजनेतील वेतनमर्यादाही २०१७ मध्ये २१ हजार रुपयेच ठरली. पण ती महिन्याची. थोडक्यात, नियमित पगार असणाऱ्या पालकाने या योजनेची आशा धरू नये. ४० वर्षांवरील विधवांसाठी असलेल्या केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेलाही दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाची अट आहे. त्याच रेषेखालील घरातील कमावती व्यक्ती १८ ते ५९ या वयात मृत्यू पावल्यास राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात.

अडीच लाखांची पट्टी

कमावत्या महिलेला खऱ्या अर्थाने सामावून घेणारी मर्यादा आली ती २०२४ मध्ये, मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत. २१ ते ६५ वर्षे वयाच्या विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता व निराधार महिलांना दरमहा १,५०० रुपये देणाऱ्या या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली. महिन्याचा हिशेब केला तर ती २० हजार ८०० रुपयांच्या आसपास येते. शासकीय सेवेतील कायम कर्मचारी, आयकर भरणारे आणि ट्रॅक्टर वगळता चारचाकी वाहन असलेले कुटुंब वगळण्यात आले. दुकानात, कारखान्यात वा खासगी कार्यालयात तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या महिलेला मात्र नोकरीमुळे अपात्र ठरविलेले नाही.

कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले, असा खुलासाही त्या वेळी करण्यात आला. माहेरी भावाच्या आश्रयाने राहणाऱ्या विधवेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे, कारण भावाचे उत्पन्न तिच्या उत्पन्नात धरले जात नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा त्याहून अधिक मिळत असतील, तर हा लाभ मिळत नाही. त्यामुळे संजय गांधी योजनेचे पूर्ण अनुदान घेणाऱ्या महिलेला दोन्हींचा लाभ घेता येत नाही. या योजनेत अर्ज करण्याची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ रोजी संपली. ज्या महिलेवर त्यानंतर एकटीने संसार ओढण्याची वेळ आली, तिचा मार्ग नवी नोंदणी सुरू होण्यावर अवलंबून आहे.

मदत मुलाच्या नावे

या दोन्ही योजना महिलेकडे पाहतात. नोकरदार एकल पालकाला अधिक उपयोगाची ठरू शकते ती मुलाकडे पाहणारी योजना, आणि नेमकी तीच सर्वांत कमी माहितीची आहे. महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना अनाथ मुलांसाठीच आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आई वा वडील यांच्यापैकी एकाचा मृत्यू, घटस्फोट, विभक्त राहणे, परित्याग, अविवाहित मातृत्व किंवा पालकाचा गंभीर आजार अशा कारणांनी एकाच पालकाच्या आधारावर असलेले १८ वर्षांपर्यंतचे बालकही या योजनेत येते. मूल संस्थेत न जाता घरच्याच वातावरणात वाढावे, हा तिचा हेतू. २०२३ मध्ये योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि प्रत्येक बालकामागील मासिक अनुदान १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाले. करोनाच्या साथीत एक पालक गमावलेल्या मुलांची नावे मोठ्या संख्येने पुढे आली, तेव्हा कुठे शहरी मध्यमवर्गाला या योजनेची ओळख झाली.

येथे निर्णय तहसीलदाराचा नसून बालकल्याण समितीचा असतो. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्यावा लागतो. त्यानंतर घरी येऊन चौकशी होते, सामाजिक तपासणी अहवाल तयार होतो आणि समिती बालकासंबंधी आदेश देते. उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो; परंतु समितीपुढचा मुख्य प्रश्न आई काय कमावते एवढाच नसून बालकाला संगोपनासाठी आधाराची गरज आहे का, हा असतो. आदेशाचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते आणि अनुदान महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. शाळेचे शुल्क या पैशांच्या भरवशावर ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

केंद्र व राज्य यांच्या सहभागाने चालणाऱ्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची तरतूद आहे. तिच्यात २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बालकामागे दरमहा ४ हजार रुपये मिळतात. रक्कम अधिक असली तरी चाळणी बारीक आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजार आणि अन्यत्र ९६ हजार रुपयांपेक्षा अधिक नसावे. शहरात हे महिन्याला आठ हजार होतात.

समजा, पुण्यात कापडाच्या दुकानात महिना १४ हजार पगारावर काम करणारी एक परित्यक्ता आहे आणि तिला १३ वर्षांची मुलगी व ९ वर्षांचा मुलगा आहे. तिचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६८ हजार झाले. संजय गांधी योजनेत ती अपात्र, प्रायोजकत्वातही अपात्र. शिक्षणहक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांसाठी आर्थिक दुर्बल गटाची मर्यादा एक लाख असल्याने तेही दार बंद. पण २०२४ मध्ये वेळेत नोंदणी झाली असेल, तर लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये तिला मिळू शकतात. बालकल्याण समितीने दोन्ही मुलांसाठी आदेश दिला, तर ४,५०० रुपयांची भर पडते. पगाराच्या जवळजवळ निम्मी रक्कम! शिवाय मुलगी पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेली आणि आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास प्रवर्गात बसली, तर आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींसाठी २०२४ मध्ये लागू झालेली संपूर्ण शुल्कमाफी आहे.

कागद कुठून आणायचा?

हिशेब असा जुळला तरी एकटेपण सिद्ध करण्याचा प्रश्न उरतो. विधवेकडे पतीच्या मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे न्यायालयाचा हुकूमनामा. परित्यक्तेकडे काय असते? कायद्याच्या लेखी ती विवाहितच असते. शिधापत्रिकेवर पतीचे नाव असते आणि त्याचे उत्पन्न तिच्या खात्यावर मोजले जाण्याची टांगती तलवारही. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागण्यात आला. पती व वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित महिलांनी काय करायचे, याची सोय नोव्हेंबरमध्ये झाली. मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रे देण्याचा मार्ग त्यांना मिळाला. योजना आखताना परित्यक्तेचा उल्लेख आवर्जून करायचा आणि अर्जाच्या नमुन्यात तिला जागा ठेवायची नाही, हा प्रकार अनाकलनीय आहे. अशा महिलांनी पोटगीचा दावा, पोलिसांकडील तक्रार, संरक्षण अधिकाऱ्याकडील नोंद यांपैकी जे असेल त्याच्या प्रती जपून ठेवाव्यात. विभक्त राहत असल्याचा तोच पुरावा ठरतो.

एकट्या पित्याची अडचण वेगळी. धडधाकट विधुराला संजय गांधी योजनेत स्थान नाही आणि लाडकी बहीण योजना तर नावातच स्पष्ट आहे. बालसंगोपन योजनेत मात्र पालक आई की वडील असा भेद नाही. केंद्र सरकारच्या सेवेतील एकल पित्यालाही २०१८ पासून महिला कर्मचाऱ्यांप्रमाणे संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा घेता येते. त्यातील पहिले ३६५ दिवस पूर्ण आणि पुढील ३६५ दिवस ८० टक्के वेतनावर असतात. खासगी नोकरीत असे काही नाही.

जोडीदार भविष्य निर्वाह निधीचा सदस्य असताना मृत्यू पावला असेल, तर आणखी एका हक्काकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अन्वये विधवा वा विधुराला निवृत्तिवेतन मिळते आणि त्याखेरीज एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत, प्रत्येकी त्याच्या २५ टक्के रक्कम मिळते. मागे राहिलेला जोडीदार स्वतः किती कमावतो, हे येथे पाहिलेच जात नाही. रकमा लहान असतात. विधवा निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरली. पण ही मदत नसून मृत सदस्याच्या नोकरीतून आलेला हक्क आहे. त्यासाठी नमुना १०-ड भरावा लागतो.

महिन्याला २५-३० हजार कमावणारा, भाडे व पाळणाघराचे पैसे एकट्याने भरणारा पालक यांपैकी कोणत्याच उत्पन्नमर्यादेत सहजी बसत नाही. काही देशांत एकट्याने घर चालविणाऱ्या पालकाला आयकरात स्वतंत्र सवलत असते. आपल्याकडे ती नाही. दोघांचे उत्पन्न असलेले घर आणि एकाच पगारावरचे घर, आयकर खात्याला सारखेच दिसते.

ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी सुरुवात उत्पन्नाच्या दाखल्यापासून करावी. तो सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' संकेतस्थळावरून तहसीलदारांच्या सहीने मिळतो. नोकरदारांना वेतनचिठ्ठी किंवा नमुना १६ जोडावा लागतो. एका वर्षाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, हे लक्षात ठेवून एप्रिल-मेमध्येच तो काढलेला बरा. जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशांची रांग त्याच खिडकीवर लागते.