पहिल्या गिअरमधले सत्तर किलो

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी तयार होतात. तिथल्या पॉवर प्रेसच्या कडेला बिडाचे एक जाडजूड चाक फिरत असते. पत्र्यातून चकती कापायला प्रचंड ताकद लागते, पण ती क्षणभरच. प्रेसची मोटर त्या मानाने लहान असते. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात ती चाकाला गती देत राहते आणि ठोका पडताना चाक साठवलेली ऊर्जा एका झटक्यात देऊन टाकते. हे चाक म्हणजे फ्लायव्हील. ते हलके करावे असे कुठल्याही प्रेसवाल्याच्या मनात येणार नाही.

गाडीची हौस असलेल्यांच्या मनात मात्र ते येते. मोटारीच्या इंजिनालाही फ्लायव्हील असते, साधारण जेवणाच्या ताटाएवढे. शर्यतीच्या गाड्यांत ते मुद्दाम हलके बसवतात. मग रोज मीरा रोडहून अंधेरीला जाणाऱ्या गाडीतही तसेच बसवले तर पिकअप वाढेल का? उत्तर ‘हो’ असेच आहे. पण ती वाढ कुठे मिळते आणि तिची किंमत कुठे मोजावी लागते, हे पाहिल्यावर सौदा वेगळा दिसू लागतो.

फ्लायव्हीलचे काम काय?

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी आयडलिंगवर चालत असेल, तर सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात ते २० होतात आणि दोन धक्क्यांमधले अंतर वाढते. मधल्या काळात क्रँकशाफ्ट फिरता ठेवायचे, वायू दाबण्यासाठी लागणारे बळ पुरवायचे आणि धक्क्यांची धार बोथट करायची, हे फ्लायव्हीलचे काम. त्याच्याच सपाट तोंडावर क्लच प्लेट घासते आणि त्याच्याच कडेच्या दात्यांत स्टार्टर अडकतो.

फिरत्या चाकातली ऊर्जा त्याच्या जडत्व आघूर्णावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. आघूर्णात वजनाबरोबर त्रिज्येचा वर्ग येतो. म्हणून कडेचा एक किलो काढला, तर निम्म्या त्रिज्येवरचा एक किलो काढण्याच्या चौपट परिणाम होतो.

उदाहरणादाखल सात किलो वजनाची आणि १३ सेंटिमीटर त्रिज्येची सपाट चकती घेऊ. ८०० फेऱ्यांवर तिच्यात सुमारे २०० ज्यूल ऊर्जा असते, तर ३,००० फेऱ्यांवर जवळजवळ २,९००. म्हणजे वेग पावणेचारपट झाला, तर साठा चौदापट. तीच चकती चार किलोंची केली, की प्रत्येक वेगाला साठा ४३ टक्क्यांनी घटतो. वरच्या वेगाला या घटीने काही बिघडत नाही. आयडलिंगला मात्र मुळातच जेमतेम असलेली शिल्लक आणखी आटते.

फायदा नेमका कुठे?

गाडी वेग घेते तेव्हा इंजिनाला गाडीबरोबर फ्लायव्हीललाही गती द्यावी लागते. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या चौदा-पंधरा फेऱ्या होतात. इथेही वर्गाचाच नियम लागू होतो. लहान गाडीचे नेहमीचे गिअर गुणोत्तर धरले, तर फ्लायव्हीलमधले तीन किलो कमी करणे म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गाडीतून सुमारे ७० किलोंचा एक माणूस उतरवण्यासारखे आहे. तिसऱ्या गिअरमध्ये तो फायदा दहा किलोंवर येतो आणि पाचव्यात चार किलोही उरत नाही.

आता हे गणित मीरा-भाईंदरच्या रस्त्यावर ठेवून पाहा. काशिमिरा नाका, गोल्डन नेस्ट सर्कल, दहिसरचा टोल नाका या टापूत गर्दीच्या वेळी गाडी बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. म्हणजे फायदा मिळण्याचे ठिकाण बरोबर हेच. पण पुढच्या गाडीचा बंपर दोन हातांवर असताना त्या पिकअपचे करायचे काय? उत्तरेकडे निघालात तर वर्सोवा पुलापलीकडे महामार्ग मोकळा मिळतो, तोवर गाडी पाचव्या गिअरमध्ये गेलेली असते आणि सत्तर किलोंचे चार किलो झालेले असतात.

शर्यतीत गोष्ट वेगळी असते. तिथे इंजिन क्वचितच ४,००० फेऱ्यांखाली उतरते, गिअर सतत बदलत राहतात आणि खालचा गिअर टाकताना इंजिनाचा वेग चटकन चढावा लागतो. तिथे हलके चाक आपली किंमत वसूल करते. तरी इंजिनाची शक्ती त्याने वाढत नाही. वेग वाढवत शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे डायनोवर, आकडा थोडा चढलेला दिसतो, कारण त्या वेळी चाकाने गिळलेली ऊर्जा कमी झालेली असते. स्थिर वेगाला मोजले तर आकडा पहिल्याइतकाच येतो.

मायलेजचेही तसेच. ८०० वरून २,५०० फेऱ्यांपर्यंत जाताना आपले हलके चाक सुमारे ७८० ज्यूल वाचवते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३ कोटी २० लाख ज्यूल असतात आणि त्यातला जेमतेम चतुर्थांश भाग कामाला येतो असे धरू. या हिशेबाने एक लिटर वाचवायला दहा हजारांहून अधिक वेळा इंजिन असे चढवावे लागेल.

किंमत कुठे?

थांबलेली गाडी उचलताना चालक थोडी रेस देऊन क्लच सोडतो, तेव्हा फ्लायव्हील आपला साठा गाडीला देते. १,५०० वरून ८०० फेऱ्यांवर उतरताना सात किलोंचे चाक सुमारे ५२० ज्यूल देते, चार किलोंचे ३०० च्या आतबाहेर. ही तूट भरून काढायला रेस जास्त द्यावी लागते किंवा हाफ क्लच लांबवावा लागतो. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढणीला एसी लावून, चार माणसे घेऊन, मागे टँकर चिकटलेला असताना हे करायचे, तर क्लच प्लेट झिजते किंवा गाडी बंद पडते.

घर्षणाची उष्णताही त्याच चाकात जिरते. २० हजार ज्यूल उष्णता सात किलो लोखंडात शिरली, तर त्याचे सरासरी तापमान सहा अंशांनी वाढते; चार किलोंत अकरा अंशांनी. क्लच घासतो त्या पृष्ठभागाचे तापमान याहून कितीतरी चढते आणि रांगेत दर मिनिटाला ते साचत जाते. अॅल्युमिनियमची उष्णता धरण्याची क्षमता किलोमागे लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने ती उणीव बरीचशी भरून निघते. पण त्यावर घासण्यासाठी पोलादाची वेगळी चकती बसवावी लागते.

आयडलिंगला थरथर वाढते, न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो, एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की इंजिन गचके खाते. तीन सिलिंडरच्या गाडीत हे आणखी जाणवते. अनेक नव्या गाड्यांत क्रँकशाफ्टच्या वेगातल्या चढउतारावरून संगणक मिसफायर ओळखतो. चाक हलके झाल्याने तो चढउतार वाढला, तर सिलिंडर निर्दोष असूनही चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. काही गाड्यांत, विशेषतः डिझेलच्या, स्प्रिंगांनी जोडलेले दुहेरी फ्लायव्हील असते. त्याच्या जागी एकसंध चाक टाकले, की आधी स्प्रिंगा शोषून घेत असलेली कंपने थेट गिअरबॉक्समध्ये उतरतात.

सर्वात मोठा धोका मूळ बिडाचे चाक लेथवर टर्निंग करून हलके करण्यात आहे. ६,५०० फेऱ्यांना त्याची कड ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. बीड दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. चुकीच्या जागी धातू काढला, तर तिथून तडा जाऊन चाक फुटू शकते आणि ते चालकाच्या पायांपासून फार दूर नसते. हलके चाक हवेच असेल, तर ते त्याच इंजिनासाठी बनवलेले, घडीव पोलादाचे आणि बॅलन्सिंग केलेलेच हवे.

ट्रॅकवर नेण्यासाठी वेगळी गाडी ठेवली असेल, तर हा खर्च समजण्यासारखा आहे. नोकरीला नेणाऱ्या गाडीसाठी तेवढे पैसे चांगल्या क्लच सेटवर घालावेत. क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरेल, त्याच वेळी फ्लायव्हीलही तपासून घ्यावे: तोंडावर तापल्याचे निळे डाग, बारीक तडे, रिंग गिअरचे झिजलेले दाते. पृष्ठभाग खवलेला असेल, तर कंपनीने दिलेल्या जाडीच्या मर्यादेतच फेसिंग करावे; तडा दिसला, तर चाक बदलावे. आणि रांगेत उभे असताना क्लचवरचा पाय काढून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. त्याला खर्च काहीच नाही, आणि गर्दीतल्या गाडीला तीन किलो उतरवण्यापेक्षा त्याचा फायदा अधिक होतो.