डिडकॉटच्या लोकोशेडमध्ये, कुत्र्याला घेऊन

लंडनच्या पॅडिंग्टनहून पश्चिमेला निघालं की वाटेत स्लाऊ स्थानक लागतं. तिथे पाच नंबरच्या फलाटावर, काचेच्या पेटीत पेंढा भरलेला एक कुत्रा आहे. हा स्टेशन जिम. पाठीवरच्या डब्यात तो प्रवाशांकडून नाणी गोळा करी, आणि ती रेल्वे कामगारांच्या विधवा व अनाथ मुलांच्या निधीत जात. १८९६ मध्ये तो गेला.

त्याच मार्गावर पुढे डिडकॉट पार्कवे आहे. इंग्लंडच्या गाड्यांत माणशी दोन कुत्री फुकट नेता येतात. आपल्याकडच्यासारखा फर्स्ट एसीचा अख्खा कूपे राखावा लागत नाही. स्थानकाच्या भुयारी मार्गातून पायऱ्या चढून गेलं की डिडकॉट रेल्वे सेंटर येतं. गळ्यात पट्टा असेल तर कुत्र्यालाही प्रवेश मिळतो.

१९६१ मध्ये काही शाळकरी मुलांनी एक छोटं टँक इंजिन भंगारातून वाचवायचं मनावर घेतलं. त्यातून ग्रेट वेस्टर्न सोसायटी उभी राहिली आणि १९६७ मध्ये तिने इथल्या १९३२ सालच्या लोकोशेडमध्ये बस्तान बसवलं. शेड प्रदर्शनासाठी बांधलेली नसल्यामुळे इथे इंजिनांइतकीच त्यांची चाकरीही दिसते. कोळशाचे वॅगन चढावरून कोळसा भरण्याच्या इमारतीत वर ढकलत, तिथे माणसं फावड्याने ट्रॉल्या भरत आणि खाली उभ्या असलेल्या टेंडरमध्ये त्या रिकाम्या करत. त्याच इमारतीच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहे. इथलं ‘पेंडेनिस कॅसल’ हे १९२४ चं इंजिन १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियाला विकलं गेलं होतं. ते २००० साली परत आलं आणि दुरुस्ती होऊन २०२२ मध्ये पुन्हा धावू लागलं.

कुत्रा बरोबर असला की नजर आपोआप जमिनीकडे जाते, आणि इथला मोठा इतिहास जमिनीवरच आहे. ब्रुनेल या अभियंत्याने ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे रूळ ७ फूट पाव इंच अंतरावर टाकले. इतरांचे ४ फूट साडेआठ इंचांवर होते. त्यामुळे दोन्ही मार्ग भेटत तिथे सगळा माल एका गाडीतून दुसरीत हलवावा लागे. त्यासाठीची शेड इथे जपलेली आहे. बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी आणि ब्रॉडगेज कुर्डुवाडीला एकत्र येत, हे आठवणाऱ्यांना ही कटकट सांगायला नको. १८९२ मध्ये ब्रुनेलचा गेज कायमचा बंद झाला.

जमिनीवर तेल असतं, राख असते, रुळांच्या मधल्या खाचा असतात, पंजे सांभाळावेत. वाफेच्या इंजिनाची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा फूत्कार अचानक कानावर येतो. पट्टा आखूड धरावा, पाणी बरोबर न्यावं. कुत्रा बुजरा असेल तर इंजिन पेटवलेलं नसेल असा दिवस निवडावा. धीट असेल, तर वाफेच्याच दिवशी जावं. ही शेड कशासाठी होती, हे त्याच दिवशी कळतं.