प्रवेशाचं दार आणि फीचा हिशेब

समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरात यंदा दहावीचं किंवा बारावीचं मूल आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून "शिक्षणाचं महत्त्व" वगैरे काही आम्ही बोलणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे, नाहीतर वाडीतलं पाणी सोडायची वेळ टाळून तुम्ही इथे आला नसता. आज फक्त दोन गोष्टी बोलायच्या आहेत: प्रवेश कसा मिळतो, आणि पैसा कुठून येतो.

आपल्याकडे या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजतात. आधी ॲडमिशन होऊ दे, पैशाचं मग बघू, असं घराघरात म्हटलं जातं. फॉर्म भरायला आम्ही पालकांबरोबर बसतो तेव्हा नेमकं उलटं दिसतं. तुम्ही कॉलेजात कोणत्या दारातून शिरता, त्यावर फीचा हिशेब ठरतो. कॉलेज तेच, बाकही तोच, शेजारी बसलेल्या दोन मुली, पण एकीच्या घरून चार वर्षांत साठ हजार जातात आणि दुसरीच्या घरून चार लाख ऐंशी हजार. हे कसं होतं, ते सांगतो.

दारं किती?

दहावीनंतर अकरावी. २०२५-२६पासून साऱ्या राज्यात अकरावीचा प्रवेश ऑनलाइन झाला आहे. जास्तीत जास्त दहा कॉलेजांची नावं पसंतीक्रमाने भरायची. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर.

बारावीनंतर रस्ते फुटतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करायचं असेल तर मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करायची आणि मग प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा भरायचा. इथे एक प्रश्न ऑफिसच्या खिडकीवर जरूर विचारा: "हा कोर्स अनुदानित की विनाअनुदानित?" एकाच इमारतीत साधं बी.कॉम. अनुदानित असतं आणि अकाउंटिंग-फायनान्सचा किंवा मॅनेजमेंटचा कोर्स विनाअनुदानित. फीमध्ये कित्येक पटींचा फरक पडतो. नाव भारदस्त आहे म्हणून कोर्स घेऊ नका, आणि फी जास्त आहे म्हणून तो चांगलाच असेल असंही समजू नका.

इंजिनिअरिंग, फार्मसी यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना राज्याच्या सीईटी कक्षाची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया आहे. आपण तिला कॅप राऊंड म्हणतो. याच कॉलेजांत काही जागा व्यवस्थापन कोट्याच्या असतात. म्हणजे दारं दोन: कॅप आणि मॅनेजमेंट.

एकाच बाकावरच्या दोन मुली

आता हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजची वर्षाची फी १ लाख २० हजार आहे. त्यातली शिक्षण फी १ लाख ५ हजार आणि विकास फी १५ हजार. पावतीवर हे दोन आकडे वेगळे असतात. ते वेगळे वाचायला शिका, कारण सवलत शिक्षण फी आणि परीक्षा फीवर मिळते, विकास फीवर नाही.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत अर्धी शिक्षण फी शासन भरतं. मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास प्रवर्गातली असेल, तर ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ही सवलत पूर्ण झाली आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर काही प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आहेत.

तर आमच्या उदाहरणात कॅपमधून आलेल्या मुलाचे वर्षाला ६७,५०० जातील. कॅपमधून आलेल्या पात्र मुलीचे फक्त १५ हजार विकास फीचे, म्हणजे चार वर्षांत ६० हजार. तिच्या शेजारी मॅनेजमेंट कोट्यातून आलेली मुलगी बसली आहे. तिचे वर्षाला १ लाख २० हजार, चार वर्षांत ४ लाख ८० हजार. तिच्या वडिलांचं उत्पन्नही तितकंच आहे. फरक पडला तो दाराचा.

मॅनेजमेंट कोट्याकडे माणूस का वळतो? भीतीपोटी. जूनमध्ये कुणीतरी सांगतं, आत्ता पैसे भरा, सीट पक्की करतो. बापाला वाटतं, मुलीचं वर्ष वाया नको. आम्ही त्या भीतीला हसत नाही. पण पैसे भरण्याआधी हा हिशेब एका कागदावर मांडा. आणि ठरलेल्या फीपेक्षा वर पैसे मागत असतील तर लक्षात घ्या, कॅपिटेशन फी घेणं महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तो आकडा कोणालाही बघता येतो.

पसंतीक्रम: भीतीने नाही, आवडीने

आता कॅपचा पसंतीक्रम. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. पालक म्हणतात, "वरचं कॉलेज काही मिळणार नाही, मग पहिलं नाव जवळच्याच कॉलेजचं टाकू, निदान ते तरी जाणार नाही."

संगणक काय करतो ते बघा. तो गुणवत्ता यादी वरून खाली घेतो. तुमच्या मुलाची पाळी आली की त्याची पहिली पसंती बघतो. तिथे जागा असेल तर देतो, नसेल तर दुसरी बघतो, मग तिसरी. तुम्ही पहिल्या नंबरावर माटुंग्याचं व्हीजेटीआय लिहिलं आणि ते नाही मिळालं, म्हणून दुसऱ्या नंबरावरच्या बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिसला किंवा तिसऱ्यावरच्या वसईच्या विद्यावर्धिनीला तुमचा हक्क कमी होत नाही. वरचं नाव लिहिण्याचा दंड नाही.

उलट, घाबरून खालचं नाव वर लिहिलंत तर तोटा नक्की. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद. २०२५-२६मध्ये चार फेऱ्या होत्या: दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी जागा मिळाली तर ती घेणं भाग होतं. हे आकडे बदलू शकतात, म्हणून त्या वर्षाची माहिती पुस्तिका वाचा. तत्त्व मात्र तेच: ज्या क्रमाने खरोखर हवं आहे, त्या क्रमाने लिहा. आणि यादी लांब ठेवा. शेवटी एखादं असं कॉलेज असू द्या की जे मिळालं तरी मूल आनंदाने जाईल.

हे काही आपल्याकडचंच शास्त्र नाही. आयर्लंडमध्ये कॉलेज प्रवेशासाठी १९७६पासून एकच मध्यवर्ती अर्ज-कार्यालय आहे. तिथलं मूल ऑनर्स पदवीच्या दहा आणि त्याखालच्या स्तराच्या दहा पसंती लिहितं. तिथल्या पालकांनाही हेच समजवावं लागतं: गुणांचा अंदाज बांधून नव्हे, आवडीच्या क्रमाने लिहा. त्यांची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज तिथे निकालाची वाट बघत नाही. बारावीसारखी त्यांची परीक्षा जूनमध्ये, निकाल ऑगस्टमध्ये, पण अनुदानाचे अर्ज वसंतातच सुरू होतात, आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर. कागद आधी आणि निकाल नंतर, अशी तिथली रीत आहे.

क्रम लावताना प्रवासही मोजा. गासहून नालासोपारा स्टेशन, तिथून सकाळची गर्दीची लोकल, पुढे पुन्हा बस. माटुंग्याला रोज जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास सहज जातात. मुलाने "जाईन" म्हटलं तर एकदा कामाच्या दिवशी, सकाळी, त्याच्याबरोबर जाऊन या. मग क्रम ठरवा.

कागद

आता कंटाळवाणं, पण पैसा इथेच अडतो. सवलत हुकलेली बरीच घरं आम्ही पाहिली. ती पात्र होती, फक्त दाखला वेळेवर नव्हता.

एक, उत्पन्नाचा दाखला. तहसीलदारांचा, सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून. शेतीचं, दुकानाचं, नोकरीचं, सगळं उत्पन्न धरलं जातं. घरातलं कोणी आखातात किंवा बोटीवर असेल तर तेही लपवू नका. दाखल्यावर मुदत असते, ती वाचा.

दोन, ईडब्ल्यूएस दाखला. आपल्या ख्रिस्ती घरांमध्ये एक समज आहे की हा आपल्यासाठी नाही. तसं नाही. ज्यांना दुसरं आरक्षण लागू नाही आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा कोणत्याही धर्माच्या कुटुंबाला तो मिळतो. राज्याच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ किंवा त्याआधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, फेरफार शोधून ठेवा. केंद्राच्या संस्थांसाठीचा दाखला निराळा असतो. त्याला पाच एकर शेतजमिनीसारख्या जास्तीच्या अटी आहेत.

तीन, राखीव प्रवर्गाच्या मुलांची जात वैधता. हा अर्ज बारावीचा निकाल लागल्यावर करायचा नसतो, विज्ञान शाखेत असतानाच कॉलेजमार्फत करायचा. बरोबर नॉन-क्रिमीलेअरही बघा.

चार, नाव. हे खास आपल्या वसईचं दुखणं. शाळेच्या दाखल्यावर डिमेलो, आधारवर डिमेल्लो. बापाचं परेरा, मुलीचं पेरेरा. लोपीस आणि लोपेस. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. आज रात्री घरी गेल्यावर मुलाचं आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

पाच, बँक खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. महाडीबीटीचा पैसा आधारवर जातो. अर्जही दर वर्षी नव्याने करावा लागतो. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी विसरला, असं फार घडतं.

उरलेल्या पैशाचं काय?

सवलत घेऊनही काही रक्कम उरते. मग कर्ज. कर्ज वाईट नाही, पण ते कसं वाढतं ते आधी बघा. समजा चार वर्षं दर वर्षी एक लाख उचललं, व्याज दहा टक्के सरळ. हप्ते शिक्षण संपून एक वर्षाने सुरू होतात. तोवर पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज चढलं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. एकूण १ लाख ४० हजार. म्हणजे मूल नोकरीला लागतं तेव्हा देणं ५ लाख ४० हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ७,१०० रुपये. पण शिकत असतानाच व्याज भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना आठशे-साडेआठशे, चौथ्या वर्षी सव्वातीन हजारांच्या आसपास, तर हप्ता ५,३००च्या घरात येतो. आणि अर्धी फी सवलतीत गेल्यामुळे कर्ज दोनच लाख घ्यावं लागलं, तर व्याज न भरताही हप्ता साडेतीन हजार.

बँकेत गेल्यावर तीन प्रश्न विचारा. तारण लागेल का? साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला हमी योजना आहे, त्यामुळे जमीन गहाण टाकण्याआधी हे विचारा. व्याज अनुदान मिळेल का? उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतल्या व्यावसायिक शिक्षणासाठी शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. आठ लाखांपर्यंत असेल आणि संस्था निवडक यादीत असेल, तर पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तीन टक्के सूट आहे. तिसरा प्रश्न: हे कर्ज त्या योजनेखाली नोंदलं जाणार आहे का? "एज्युकेशन लोन" नाव असलेलं प्रत्येक कर्ज अनुदानाला पात्र नसतं.

एक गोष्ट जरा स्पष्ट बोलतो. आपल्या गावांत अजूनही असं होतं की भावाच्या इंजिनिअरिंगसाठी दोन गुंठे विकायची तयारी असते आणि बहिणीला सांगतात, तू साधी पदवी घे, दोघांचं परवडत नाही. मंडळी, आजच्या नियमांत कॅपमधून गेलेली पात्र मुलगी घराला भावापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. ज्या कारणासाठी तिला थांबवता, ते कारणच उरलेलं नाही. निदान तिचा फॉर्म भरा, दाखले काढा, आकडे समोर येऊ द्या, मग घरात बसून ठरवा. आणि ठरवताना तिलाही बसवा.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी कागद बरोबर आणले आहेत, त्यांनी मागच्या टेबलाशी थांबा. दाखल्यांवरची नावं आणि मुदती आज एकत्रच तपासू.