पीण्यातील पदपथ टिकणार कसा? डांबरी पायवाटेचे आयुष्य पृष्ठभागाखालीच ठरते

बंगळुरू : पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी आणि तुमकूरमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 48 बंगळुरूत प्रवेश करतो तो पीण्या औद्योगिक क्षेत्राला लागून. 1970च्या दशकात आकाराला आलेली ही वसाहत देशातील मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक मानली जाते. यंत्रसामग्री, सुटे भाग, विद्युत उपकरणे, धातुमुलामा आणि तयार कपडे यांचे हजारो लहानमोठे कारखाने येथे आहेत. चांद्रयान-3चे 23 ऑगस्ट 2023चे अवतरण ज्या नियंत्रण कक्षातून हाताळले गेले, ते ‘इस्रो’चे ‘इस्ट्रॅक’ केंद्रही याच पीण्यात आहे. मात्र रस्ते, गटारे आणि पदपथ यांची दुरवस्था ही येथील उद्योजक व कामगारांची अनेक वर्षांची तक्रार राहिली आहे.

मार्च 2014 मध्ये मेट्रोची हरित मार्गिका पीण्यापर्यंत पोहोचली आणि वसाहतीत येणे सोपे झाले. परंतु स्थानकापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचा शेवटचा टप्पा बहुसंख्य कामगार आजही पायीच पार करतात. पदपथ तुटलेला असेल, तर त्यांना मालमोटारींच्या वाहतुकीतून वाट काढावी लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी 32 हजार 825 पादचारी होते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुस्थितीतील व अतिक्रमणमुक्त पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे पदपथ बांधणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो टिकणेही महत्त्वाचे ठरते.

पदपथासाठी दगडी फाड्या, पेव्हर ब्लॉक, काँक्रीट आणि डांबर असे चार पर्याय सामान्यतः उपलब्ध असतात. त्यांपैकी डांबरी पायवाट टिकाऊ कशी होते आणि ती अकाली का उखडते, याचे उत्तर पृष्ठभागापेक्षा त्याखालच्या थरांत, कडांत आणि पाण्याच्या निचऱ्यात दडलेले आहे.

डांबर म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘डांबर’ हा शब्द दोन वेगळ्या पदार्थांसाठी वापरला जातो. जुन्या काळी दगडी कोळशापासून मिळणारे डांबर प्रचलित होते. आज रस्त्यांसाठी वापरले जाते ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणानंतर उरणारे बिटुमेन. तयार डांबरी मिश्रणात बिटुमेनचे प्रमाण वजनाने साधारण 5 ते 6 टक्केच असते. उर्वरित भाग निरनिराळ्या आकारांची खडी, दगडाची कच आणि बारीक भुकटी यांचा असतो. भार पेलते ती खडी. बिटुमेन तिला बांधून ठेवते आणि पाणी आत शिरू देत नाही.

पदपथाचे मिश्रण रस्त्याच्या मिश्रणासारखेच असावे, हा सर्वसाधारण समज अपुरा आहे. रस्त्यावरील डांबर वाहनांच्या चाकांखाली सतत दाबले जाते. पायवाटेला ही दाबाई मिळत नाही. उलट ऊन आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे बिटुमेन हळूहळू कडक व ठिसूळ होते. त्यामुळे कमी वापराची पायवाट भाराने नव्हे, तर वयाने फाटते. यावर उपाय म्हणजे बारीक खडीचे, किंचित अधिक बिटुमेन असलेले घट्ट मिश्रण. त्याचा पृष्ठभाग चालण्यास व चाकाच्या खुर्चीलाही सोयीचा ठरतो आणि त्यात हवा-पाणी कमी शिरते.

पाया आणि पाणी

पायवाटेचे आयुष्य सर्वप्रथम ठरते ते मातीवर. बंगळुरू परिसरात प्रामुख्याने लाल माती आहे. कोरडी व नीट दाबलेली लाल माती चांगला आधार देते. पाण्याने संपृक्त झाली की तिची ताकद झपाट्याने घटते. महाराष्ट्रातील काळ्या मातीची अडचण निराळी आहे. ती ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तेथे काळी माती काढून मुरूम भरणे किंवा चुन्याने मातीचे स्थिरीकरण करणे अशी अधिकची तयारी करावी लागते. दोन्ही ठिकाणी सूत्र एकच आहे, ते म्हणजे पाणी पायापर्यंत पोहोचू न देणे आणि पोहोचलेच तर त्याला बाहेर जाण्यास वाट ठेवणे.

कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम वरची सेंद्रिय माती, मुळे आणि राडारोडा काढला जातो. उघडी पडलेली माती योग्य ओलाव्यावर आणून दाबली जाते. त्यावर खडी-मुरुमाचा किंवा प्रतवारी केलेल्या खडीचा थर येतो. केवळ पादचाऱ्यांसाठीच्या वाटेला सर्वसाधारणपणे 100 ते 150 मिलिमीटर जाडीचा खडीचा थर आणि त्यावर 50 ते 75 मिलिमीटर डांबरी थर, असे प्रमाण अनेक देशांत प्रचलित आहे. माती कमकुवत असेल किंवा वाहने चढण्याची शक्यता असेल, तर ही जाडी वाढवावी लागते. वाचवलेला खडीचा थर वरच्या डांबराने भरून निघत नाही.

बंगळुरूत नैऋत्य मोसमी पावसाबरोबर परतीचा पाऊसही जोरदार असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाचे महिने मानले जातात. अशा ठिकाणी पायवाटेला साधारण 2 टक्के, म्हणजे एका मीटरला 2 सेंटिमीटर, आडवा उतार दिला जातो. यापेक्षा कमी उतारावर पाणी साचते. जास्त उतारावर चाकाची खुर्ची एका बाजूला ओढली जाते. पीण्यासारख्या वसाहतीत पदपथ अनेकदा पावसाळी गटारावरच असतो. गटार तुंबले की पाणी पायवाटेच्या कडेने पायात मुरते. त्यामुळे गटाराची सफाई हा पदपथाच्या देखभालीचाच भाग ठरतो.

मिनिटांचा हिशेब

भारतात प्रचलित असलेल्या ‘व्हीजी-30’ प्रतीच्या बिटुमेनसाठी मंत्रालयाच्या तांत्रिक मानकांनी तापमानाच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. संयंत्रातून मिश्रण 150 ते 165 अंश सेल्सिअस तापमानाला बाहेर पडावे, अंथरताना ते किमान 140 अंश असावे आणि रोलरची दाबाई 90 अंशांच्या वर असतानाच पूर्ण व्हावी, असा हा दंडक आहे.

रस्त्याच्या जाड थरात उष्णता बराच वेळ टिकते. पायवाटेचा पातळ थर मात्र काही मिनिटांतच निवू लागतो. त्यातच अरुंद जागेत मोठा रोलर शिरत नाही आणि अनेकदा मिश्रण फावड्याने पसरले जाते. थंड मिश्रण वरून गुळगुळीत दिसले, तरी आतून पोकळ राहते. दाबाईनंतर थरातील हवेच्या पोकळ्या साधारण 7 ते 8 टक्क्यांच्या आत आल्या पाहिजेत. त्या जास्त राहिल्या की एकमेकींना जोडल्या जातात, पाणी आत मुरते आणि खडी सुटू लागते. पहिल्याच पावसाळ्यानंतर पदपथावर सुटी खडी दिसू लागते, त्याचे मूळ बहुधा याच घाईत असते.

म्हणूनच थराची जाडी वापरलेल्या सर्वांत मोठ्या खडीच्या किमान तिप्पट असावी, असा संकेत पाळला जातो. 10 मिलिमीटर खडीच्या मिश्रणासाठी थर 30 मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवल्यास खडी रोलरखाली सरकत नाही, चिरडली जाते. लहान व्हायब्रेटरी रोलर, कोपऱ्यांसाठी प्लेट कॉम्पॅक्टर, ताडपत्रीने झाकलेली वाहने आणि संयंत्रापासून कमी अंतर या साध्या बाबी येथे निर्णायक ठरतात. ओल्या पायावर काम करू नये, हा नियमही तितकाच मूलभूत आहे. बंगळुरूत डिसेंबर ते मार्च हा कोरडा काळ अशा कामासाठी अनुकूल असतो.

कड सांभाळली तर वाट टिकते

डांबर लवचीक असते. त्याच्या कडेला आधार नसेल, तर ती पायाखाली आणि पाण्याच्या ओघाने सुटत जाते. त्यासाठी काँक्रीटचे किंवा दगडाचे कडदगड बसवले जातात, अथवा खडीचा थर डांबरापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडा रुंद ठेवला जातो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कडदगडाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंद व 2.2 मीटर उंचीपर्यंत निर्वेध जागा असावी. विजेचे खांब, रोहित्रे, फलक आणि झाडे यांची जागा या रुंदीच्या बाहेर धरली जाते.

झाडे हा बंगळुरूच्या पदपथांचा विशेष आहे. डांबर मुळांबरोबर काही प्रमाणात वाकते, त्यामुळे काँक्रीटसारखे ते एकदम तडकत नाही. तरीही खोडाभोवती मोकळी माती ठेवणे आवश्यक असते. त्यामुळे झाडाला पाणी मिळते आणि मुळे पृष्ठभागाकडे वळण्याचे प्रमाण घटते. काळा पृष्ठभाग उन्हात तापत असल्याने सावलीचा उपयोग पादचाऱ्याइतकाच डांबरालाही होतो.

कारखान्याच्या फाटकासमोर

औद्योगिक वसाहतीतील पदपथ निवासी भागातील पदपथापेक्षा वेगळ्या कारणांनी तुटतो. पहिले कारण मालमोटारींचे. केवळ पादचाऱ्यांसाठी बांधलेल्या थरावर भरलेल्या मालमोटारीचे एक चाक चढले, तरी खालचा पाया खचतो. दुसरे कारण तेलाचे. बिटुमेन स्वतः खनिज तेलापासून बनत असल्याने डिझेल आणि वंगण तेल त्याला विरघळवते. उभ्या वाहनांतून गळणारे थेंब त्याच जागी रोज पडत राहिले की तेथील डांबर मऊ पडते आणि खडी मोकळी होते.

त्यामुळे अशा वसाहतीत संपूर्ण पदपथ एकाच पदार्थाचा करण्याचा आग्रह उपयोगाचा नाही. कारखान्यांच्या फाटकांसमोर, जेथे वाहने पदपथ ओलांडतात, तेथे जाड काँक्रीट अधिक योग्य ठरते. दोन फाटकांमधील सलग लांबीसाठी डांबर पुरेसे आणि दुरुस्तीस सोपे असते. पदपथ फाटकासमोर खाली न उतरवता त्याच पातळीवर सलग ठेवावा आणि वाहनांनी उतारावरून तो ओलांडावा, अशी मार्गदर्शक तत्त्वांची अपेक्षा आहे. इतर ठिकाणी वाहने चढू नयेत म्हणून खुंट लावताना त्यांच्यात किमान 1.2 मीटर अंतर ठेवावे लागते, अन्यथा चाकाच्या खुर्चीची वाट अडते.

इतर पर्यायांच्याही मर्यादा आहेत. मुंबई-पुण्याच्या वाचकांना पावसात डुगडुगणारे पेव्हर ब्लॉक परिचित आहेत. त्यामागेही खालची वाळू वाहून जाणे आणि कड सुटणे हेच कारण असते. मात्र ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात. काँक्रीट दीर्घकाळ टिकते, परंतु एकदा खोदले की मूळ रूपात आणणे कठीण जाते. गटारावरील दगडी फाड्या मजबूत असतात. त्या हलल्या किंवा तुटल्या तर पाय थेट गटारात जाण्याचा धोका असतो. डांबराला सांधे नसतात, ते लवकर वापरात येते आणि त्याचा पुनर्वापरही करता येतो.

खोदकामाचा प्रश्न

पायवाट कितीही चांगली बांधली, तरी पाणी, सांडपाणी, वीज, गॅस किंवा दूरसंचाराच्या वाहिनीसाठी ती पुन्हा खोदली गेली तर तिचे आयुष्य तेथेच संपते. चरात माती सैल भरून वर डांबराचा पातळ लेप दिला जातो आणि काही महिन्यांत तो भाग खचतो. या समस्येचे उत्तर बंगळुरूनेच एका प्रयोगातून दिले आहे. ‘टेंडर शुअर’ योजनेत रेसिडेन्सी रोड, सेंट मार्क्स रोड, कनिंगहॅम रोड आदी रस्त्यांच्या पुनर्रचनेत सेवावाहिन्या आधी भूमिगत मार्गांत नेण्यात आल्या, तपासणीसाठी झाकणे ठेवण्यात आली आणि मग रुंद, सलग पदपथ बांधण्यात आले. हे काम खर्चिक व वेळखाऊ असल्याची टीका झाली. परंतु कामाचा योग्य क्रम कोणता, हे त्यातून दिसून आले. मध्य बंगळुरूच्या व्यापारी रस्त्यांना लागू पडलेला हा क्रम कामगारांच्या वसाहतीला लागू करण्यात तांत्रिक अडचण नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका अस्तित्वात आल्या. स्थानिक संस्था, औद्योगिक विकास मंडळ, पाणीपुरवठा मंडळ आणि वीज कंपनी यांच्यातील समन्वयाची गरज त्यामुळे कमी झालेली नाही.

देखभाल आणि तपासणी

डांबरी पायवाटेची देखभाल स्वस्त असते, परंतु ती वेळेवर व्हावी लागते. पावसाळ्यापूर्वी भेगा भरणे, कडेची माती व गवत काढून पाण्याला वाट करून देणे आणि काही वर्षांनी संरक्षक लेप देणे, एवढ्याने तिचे आयुष्य बरेच वाढते. भेग दुर्लक्षिली की पाणी पायात जाते, पाया खचतो आणि किरकोळ दुरुस्तीच्या जागी पुनर्बांधणीचा खर्च उभा राहतो.

काम सुरू असताना नागरिक, कामगार संघटना आणि उद्योजकही काही गोष्टी सहज तपासू शकतात. डांबर पडण्यापूर्वी खडीचा थर किती जाड आहे, मिश्रणाचे तापमान मोजले जाते का, रोलर किती वेळा फिरतो, पाणी कोणत्या दिशेला जाणार आहे, कडेला आधार आहे का आणि कंत्राटात दोष दायित्वाचा कालावधी किती आहे, हे ते प्रश्न होत. दोष दायित्वाच्या काळात झालेली मोडतोड कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावयाची असते. परंतु दरम्यान दुसऱ्या यंत्रणेने खोदकाम केले असल्यास जबाबदारी कोणाची, हे कंत्राटातच स्पष्ट असणे आवश्यक आहे.

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड किंवा बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहतींनाही हेच निकष लागू होतात. तेथेही पहाटेच्या आणि रात्रीच्या पाळीला हजारो कामगार अवजड वाहनांच्या शेजारून चालतात. त्यांच्यासाठी पदपथ झाला की नाही, याचे उत्तर उद्घाटनाच्या दिवशी मिळत नाही. दोन पावसाळ्यांनंतर त्यावरून रस्त्यावर न उतरता फाटकापर्यंत पोहोचता येते का, यावरच ते ठरते.